उलट्या पिळाचं कणीस

१२ जानेवारी

ताई,

खुशाली विचारणारी चार वाक्यं लिहिली आणि खोडली. नऊ वर्षांत न विचारलेली खुशाली आज एकदम विचारली तर तू म्हणणार, हिचं काहीतरी काम आहे. काम आहेच. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मला तुझ्या हातची पिळलेली तार हवी आहे. चांदीची, दोन पदरी, चार हात लांब, उजव्या पिळाची. मार्चच्या मध्यापर्यंत पोचायला हवी.

रागाव, पण पुढचं वाचून रागाव.

मोठ्या दालनात पाच एप्रिलला हातकामाचं प्रदर्शन उघडतंय. प्रत्येक कारागिराची एकच वस्तू. दालनाच्या बाई स्वतः माझ्या कारखान्यात आल्या होत्या. कारखाना म्हणजे तीच आपली मागची खोली, त्यात एक ऐरण, एक शेगडी आणि मी. पण दारावर कारखाना अशी पाटी लावली की माणसं जरा अदबीने बोलतात. भिंतीवरचा आपल्या कणसाच्या हाराचा फोटो बघून बाई थबकल्या.

"हे विणलंय की काय?" त्यांनी विचारलं.

मग मी त्यांना गोष्ट सांगितली. तुला ती पाठ आहे, तरी मी कशी सांगितली ते ऐक. पुढेमागे तुला कुणी विचारलं तर दोघींच्या सांगण्यात फरक नको.

मी म्हटलं, आमचे बाबा खिडकीखाली कामाला बसायचे. मोठीला त्यांच्या शेजारी जागा, कारण ती मोठी. मी समोर, उपड्या डब्यावर. तारेचं एक टोक खिळ्याला अडकवून दुसरं टोक लाकडी दांड्याने फिरवत ते पीळ घालायचे. मोठीने शेजारी बसून जसं दिसलं तसं उचललं. मीही जसं दिसलं तसंच उचललं, पण मला ते समोरून दिसत होतं, आरशातल्यासारखं. त्यामुळे तिचा पीळ उजवा आणि माझा डावा. बाबांच्या हे लक्षात यायला दोन वर्षं गेली. लक्षात आलं तेव्हा मला रागावायचं सोडून त्यांनी दोघींच्या तारा एकमेकींना चिकटवून ठेवल्या. तिरप्या रेघा मधोमध येऊन भेटल्या आणि गव्हाचं कणीस तयार झालं. "राहू दे," ते म्हणाले, "बाजारात नसलेलं काहीतरी घरात सापडलं." त्या दिवसापासून मोठी ती सुलटी आणि धाकटी ती उलटी.

हे नाव सांगताना बाईंसमोर मी जरा खोकले. शाळेत ते कधी फुटलं नाही, हे तुझे उपकार मी अजून विसरलेले नाही.

बाई म्हणाल्या, "याच चालीवर काहीतरी नवं करा. दारासमोरची पहिली काच तुमची." मी लगेच हो म्हणाले. माझं तुला माहीत आहे, जीभ आधी आणि हात नंतर.

आता तू म्हणशील, दांडा उलटा फिरव, संपलं. फिरवून पाहिला. पाच फेरे ठीक जातात आणि सहाव्याला मनगट आपल्या मूळ वळणावर जातं. तार एका जागी आवळते, दुसऱ्या जागी सैल सुटते. यंत्रावर पिळलेली तार बाजारात मिळते, पण ती हातकामाच्या प्रदर्शनात ठेवायला मला लाज वाटेल. तेव्हा तूच.

आणि तेव्हा याच दालनात मांडलेल्या आपल्या जुन्या हाराखालच्या कार्डाचं म्हणशील, तर त्यावर एकटीचं नाव कसं आलं हे मी तेव्हाच सांगितलं होतं. कारकुनाची चूक. नऊ वर्षांनी ती उगाळत बसण्यात काही राम नाही.

धाकटी

ता. क. तार तापवून मऊ करू नकोस. ते मी इथे करीन.


९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही, पण भावोजींचं कार्ड आलं. त्यांचं अक्षर अजून तसंच, मुंग्यांची रांग. लिहितात, "पत्र पोचलं. तिने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा लावून. रोजची सकाळची टकटक चालू आहे. बाकी ठीक."

कसली टकटक? मला तर कळलं होतं, की तू हत्यारं बांधून माळ्यावर टाकलीस आणि चांदीला पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ घेतलीस. मी ते खरं धरलं होतं. मला ते सोयीचंही होतं. माझ्यामुळे एका बाईने काम सोडलं, असा माझा रुबाब माझ्या मनात झाला होता. आणि तू तिकडे रोज सकाळी टकटक करतेस! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपल्याच घरावरून पडली असावी.

तार आली नाही म्हणून मी हात बांधून बसलेले नाही. नुसतं जुनंच कणीस परत करायचं तर बाई आज ना उद्या म्हणणारच, की हिच्याकडे एकच गाणं आहे. नवं काय, ते सुचत नव्हतं. कागदावर रेघोट्या मारल्या, खोडल्या. मग बाबांचा उपाय केला. सुचेनासं झालं की ते दुसऱ्याचं काम बघायला निघायचे, आठवतं? दागिन्यांचं मात्र कधी नाही. "दागिना बघून दागिना केला की नक्कल होते. चपला बघायला चला," म्हणायचे, आणि आपण तिघं त्या चांभाराच्या टपरीसमोर तासभर उभे.

टपरी आता नाही. मी खुर्च्यांना वेत विणणाऱ्याकडे गेले. छान काम, पण त्यातून मला काही सुचेना. एका दुकानात लोकरीचा स्वेटर इतका वेळ उलटून पालटून बघितला, की दुकानदाराने तो माझ्या हातातून काढून घेतला. शेवटी मंडईच्या मागच्या दाराशी एक टोपल्या विणणारी भेटली. पायाच्या अंगठ्यात बांबूची कांब धरून विणत होती, तोंड माझ्यापेक्षा जास्त चालत होतं.

"काय बघताय मघापासून? घ्यायची आहे का?"

"काठ बघतेय. हे दोन पदर एकमेकांच्या उलटे का वळवलेत?"

"नाहीतर टोपली मान टाकते."

"म्हणजे?"

"अहो, सगळे पदर एकीकडेच ओढले की टोपलीच पिळवटते. खाली ठेवली की डुगडुगते. एकाने इकडे ओढायचं, दुसऱ्याने तिकडे, तेव्हा कुठे ती सरळ बसते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या घरात कोण आहे तिकडे ओढणारं?"

"मीच," म्हटलं.

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि काठ माझ्या हातात धरायला दिला.

ताई, तो काठ हातात असतानाच मला हार दिसला. आपल्या जुन्या कणसाला मागून चांदीच्या पत्र्याची पट्टी होती. तिच्यावर आपण दोन्ही तारा ज्योतीने झाळून चिकटवल्या होत्या, म्हणून तो सरळ राहायचा. आता ती पट्टीच काढून टाकायची. मागे काही नाही. नुसत्या दोन तारा, एकीचा पीळ दुसरीने अडवलेला, आणि हार गळ्यावर शेतातल्या कणसासारखा हलता. इतकी वर्षं आपण त्या पट्टीला आधार समजत होतो, पण ती नुसतं ओझं होती.

धावत घरी आले आणि माझ्याच दोन डाव्या तारा घेऊन बोटभर नमुना केला. शेगडीवरून उतरवला, गार केला, गळ्याला लावला. त्याने सरळ मान टाकली आणि पालथा पडला. टोपलीवाली बरोबर होती. उजवा पीळ लागणारच, आणि तो चांगलाच लागणार.

पहिल्या पत्रात मी हुकूम सोडला होता. आता विचारते. पाठवशील का?

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

भावोजींचंही कार्ड नाही. म्हणजे त्यांनाही तंबी मिळाली.

आज त्या कारकुनाला मोकळं करते. नऊ वर्षं बिचारा माझ्यासाठी शिव्या खातोय आणि त्याला पत्ताही नाही.

त्याने काही चूक केली नाही. तो कोरं कार्ड आणि पेन घेऊन टेबलाशी आला. "कुणी घडवलाय?" म्हणाला. मी म्हटलं, "मी." त्याने लिहिलं. भला माणूस होता, त्याने पुन्हा विचारलं, "अजून कुणी?" त्या वेळी नुसतं हो म्हटलं असतं तरी झालं असतं. लोक हाराभोवती गोळा झाले होते, माझ्याकडे बघत होते, आणि जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या समोर डब्यावर बसलेली नव्हते. मी म्हटलं, "तार पिळायला मदत असते एकीची."

मदत असते. एकीची.

मागे वळले तर तू उभी. दोन्ही हातांत चहाचे पेले. तू माझा पेला मला दिलास, तुझा टेबलावर ठेवलास आणि गेलीस. तू काय ऐकलंस ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तुला माहीत होतं. तरी पुढे आपण भांडलो ते कार्डावरून. कार्डावरून भांडणं सोपं होतं. त्यात कारकून होता.

खाई त्याला खवखवे, म्हणून पहिल्या पत्रात न विचारता मी कार्डाचा विषय काढला. तू तो दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचलास तेव्हा हेच वाचत होतीस, हो ना?

माझी चूक झाली, असं लिहिलं तर ते फार स्वस्त पडतं. चूक म्हणजे पीळ उलटा पडणं. ही चूक नव्हती. मी बघून, समजून बोलले. तुझ्याशिवाय तो हार झाला नसता हे मला ठाऊक होतं, म्हणूनच बोलले. त्याची मला लाज वाटते, ताई. रोज नाही वाटत, मी तशी फार चांगली बाई नाही. पण दांडा हातात घेतला की वाटते, आणि दांडा मी रोजच घेते.

तार नाही आली तरी चालेल. दालनाच्या बाईंना साध्या बांगड्या देईन, त्या मला डोळे मिटून जमतात. हार होवो न होवो, मला तू परत हवी आहेस. तार मागितली कारण बहीण मागायचं धाडस होत नव्हतं.

धाकटी


१४ मार्च

ताई,

डबा आला.

चहाच्या पत्तीचा जुना डबा, आत जुन्या साडीचा तुकडा, त्यात तारेचं वेटोळं. काय पीळ आहे! केसाइतकं अंतर चुकलेलं नाही. मी ती खिडकीत धरली, मापली. चार हात आणि वर चार बोटं. तू नेहमीच मापापेक्षा जास्त देतेस आणि वर तोंड वाकडं करतेस.

मग माझी तार शेजारी ठेवली आणि कणीस होईना.

रेघा एकाच दिशेला. तार फिरवून धरली, टोकं बदलली, चष्मा पुसला. शेवटी मान्य करावं लागलं. तू पाठवलेली तार डाव्या पिळाची आहे. माझ्या पिळाची! पाच मिनिटं मला वाटलं, तू चुकून पाठवलीस. पण तू चुकून काही करत नाहीस. दहा मिनिटं वाटलं, सूड. मग साडीच्या घडीतून ती चिठ्ठी पडली. एकच शब्द, तुझ्या त्या उभ्या, ताठ अक्षरात.

"मदत."

मी एवढ्याने हसले, की शेजारची बाई दाराशी येऊन बघून गेली. तिने बघितलं तेव्हा मी रडत होते, तर तिचा गोंधळ उडाला.

आता टकटक म्हणजे काय ते कळलं. नऊ वर्षं रोज सकाळी दार लावून तू डावा पीळ शिकत होतीस. माझ्यावाचून कणीस करायचं म्हणून. शाब्बास! मला राग यायला हवा होता, पण नाही आला. कारण माझ्या टेबलाचा खालचा कप्पा तू उघडलास तर तुला त्यात काय दिसेल ते सांगते. मी लिहिलं होतं ना, दांडा उलटा फिरवून पाहिला? तो या जानेवारीत नाही पाहिला. नऊ वर्षं पाहतेय. कप्पाभर उजव्या पिळाच्या तारा आहेत, सगळ्या सहाव्या फेऱ्याला गचके खाणाऱ्या.

म्हणजे तू तिकडे उलटी व्हायला बसलीस आणि मी इकडे सुलटी. तुझं जमलं. तुझा डावा माझ्या डाव्यापेक्षा चांगला आहे. हे वाक्य लिहायला मला दीड दिवस लागला, तेव्हा ते नीट वाच.

आता हार असा करणार. तुझी डावी तार आणि माझी उजवी, गचक्यांसकट. मागे पट्टी नाही. धरला तर धरला.

धाकटी


२ एप्रिल

ताई,

हार झाला. आणि माझ्या हातून आजवर झालेल्या कामात हा सगळ्यात चांगला आहे. हे मी स्वतःच म्हणतेय, कारण तू म्हणायला वेळ लावशील.

सोपा नव्हता. पट्टी नसल्यामुळे झाळायला आधार नाही. ज्योत जरा रेंगाळली की तार वितळते, लवकर हलवली तर सांधा धरत नाही. एकदा मधोमध उकलला. तेव्हा मी हत्यारं ठेवली, टोपलीवालीकडे जाऊन तासभर बसले, तिची बडबड ऐकली आणि परत येऊन पुन्हा सुरुवात केली. तिच्याकडूनच उचललं, आधी ठिकठिकाणी बांधून घ्यायचं आणि मग एकेक सांधा पक्का करायचा.

आणि माझे गचके! मला वाटलं होतं ते लपवावे लागतील. पण तुझ्या सरळ, घट्ट पिळाला लागून माझा आवळसैल पीळ बसला तेव्हा कुठे दाणा टपोरा झाला, कुठे बारीक राहिला. बाबांचं कणीस सुबक होतं, पण ते सोनाराने केलेलं कणीस होतं. खऱ्या कणसात दाणे एकसारखे कुठे असतात? तयार झाल्यावर टोपलीवालीला दाखवायला नेला. तिने तो तळहातावर झुलवला आणि म्हणाली, "भरलंय. कापणीला आलं." दुसरं प्रशस्तिपत्रक मला नको.

गळ्याला लावून बघितला. मान टाकत नाही.

आज तो दालनात नेऊन दिला. पहिल्या काचेत बसवला. मग बाईंनी कोरं कार्ड पुढे केलं. मी म्हटलं, मीच लिहिते. लिहिलं ते असं:

घडवणारी: सुलटी
मदत: उलटी

बाईंनी वाचलं. चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, पहिल्या काचेत, दारासमोर, 'उलटी' असं लिहायचं?"

"कारखान्यातली नावं आहेत आमची," मी म्हटलं.

"पण झाळकाम तर सगळं तुम्ही केलंत."

"मदत असते एकीची," मी म्हटलं, "तिलाही नाव असतं."

त्यांना काही कळलं नाही. जिला कळायचं तिला कळेल. पाच तारखेला उद्घाटनाला शहरातली मोठमोठी माणसं येणार आणि वाकून वाकून 'उलटी' वाचणार. शाळेत तू वाचवलंस, इथे मी स्वतः जाहीर केलं.

भावोजींचं कार्ड सकाळीच आलं. फक्त एवढंच, "गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. मी काढली नाहीत, तिने काढली." त्यांच्या मुंग्या या वेळी नाचत होत्या.

तेव्हा पाच तारखेला मी त्याच दालनात काचेशेजारी उभी असेन. चहा आणायचा झाला तर दोन पेले आण, पण तुझा टेबलावर ठेवून जाऊ नकोस. तिथेच उभी राहून पी. त्या दिवशीचा माझा पेला मी प्यायलेच नव्हते. आता मला साखर चालत नाही, तेवढं लक्षात ठेव.

आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात ये. बाबांची जागा झाडून ठेवली आहे, खिळा अजून तिथेच आहे. त्या जागी तू बस. मी समोर डब्यावर बसेन. शेजारी बस म्हणून आग्रह करू नकोस. शेजारी बसले तर सगळं सुलटं शिकेन, आणि मग कणीस कसं होणार?

तुझी
उलटी